भुसा न लावलेला बर्फ

गुलाबभाई मुजावर वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायचे आणि पहिल्या पानापर्यंत कधीच पोचायचे नाहीत. देशात सरकार कोणाचं आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. कोणत्या साबणाची स्पर्धा केव्हा संपते, रेल्वेची सवलत या मोसमात कोणाला लागू आहे, कोणती कंपनी रिकाम्या वेष्टनांच्या बदल्यात काय वाटते आहे, एवढंच ते बघायचे आणि सापडलं की कात्रीनं कापून घ्यायचे. त्यांच्यानंतर पेपर ज्याच्या हातात पडे त्याला एखाद्या मंत्र्याच्या पोटातून समोरची भिंत दिसायची. मंत्र्यांचा तेवढाच उपयोग आहे असं माझंही मत असल्यामुळं या एका बाबतीत आमचं पहिल्यापासून जमलं.

बाकी कशात जमलं नाही.

सोलापुरात जोडभावी पेठेतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ते बुकिंग क्लार्क होते. चादरींचे गठ्ठे यायचे, गुलाबभाई बिल्टी फाडायचे, गठ्ठे ट्रकमध्ये चढायचे. बिल्टी म्हणजे मालाबरोबर जाणारी पावती. तिच्यावर ज्याचं नाव, माल त्याच्याच हातात पडणार. मग मालकाचा मेहुणा दारात उभा राहून शिव्या का देईना. एवढा एक नियम सोडला तर गुलाबभाईंनी जगातला कुठलाही नियम वाकवून बघितला नाही असं झालं नाही.

संध्याकाळी शेवटचा ट्रक गेला की त्याच काउंटरवर त्यांचा दरबार भरायचा. कोणाला सायकलवरून कन्याकुमारीला जायचं असायचं, कोणाला सह्याद्रीतले गड पालथे घालायचे असायचे. पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले, चालताना धापा टाकणारे गुलाबभाई गठ्ठ्यावर बसून या पोरांना मोहिमा आखून द्यायचे. "स्वेटर नेऊ नगा. स्वेटर एकट्यापुरता असतोय. कांबळं न्या, चौघं झोपतात, आन भांडण झालं तरी सकाळपतुर मिटतंय." "अनोळखी गावात शिरला की आदी पोलीस पाटलाला भेटा, मग विहिरीवर जावा. आदी विहिरीवर गेलात की तुमी चोर." खाण्याचा सल्ला ठरलेला होता: आपल्याकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ती महिना टिकते, वजनाला हलकी, आणि "कुत्रं मागं लागलं तर फेकून मारायला बी येती." पोरं हसत हसत लिहून घ्यायची. मजा म्हणजे ती खरोखर जायची आणि धडधाकट परत यायची.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडायला. आमच्या चळवळीच्या गटाकडं पत्रकं छापायचं एक जुनं सायक्लोस्टाईल मशीन होतं आणि राग भरपूर होता. बक्षिसांचं आमिष दाखवून कंपन्या गोरगरिबांच्या गळ्यात नको तो माल मारतात, असं एक पत्रक मी लिहिलं होतं, आणि या फसवणुकीचा सोलापुरातला बिनपगारी दलाल म्हणून गुलाबभाईंचं नाव आमच्या कानावर होतं. मी पत्रक काउंटरवर आपटलं. त्यांनी ते आधी उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरी आहे म्हटल्यावर चेहरा खुलला, आणि अजून आहेत का, असं विचारलं. स्पर्धेच्या वाक्यांचा सराव करायला त्यांना कोरा कागद लागायचा.

मग त्यांनी पुढची बाजू वाचली. सगळी, चष्मा पुसून. "वकीलबाई," ते म्हणाले, आणि तेव्हापासून माझं हेच नाव पडलं, "हितं तुमी लिव्हलंय, जनतेनं जागं व्हावं. जागं होऊन मिळनार काय? त्ये आदी लिव्हा की. नुस्तं उठा म्हनून कोन उठतंय?" मी चिडून निघून आले. पण पुढच्या पत्रकात 'रॉकेल नियमित मिळेल' ही ओळ सगळ्यात वर घातली, आणि ते पत्रक लोकांनी पहिल्यांदाच फेकून न देता घडी घालून खिशात ठेवलं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आधीच माणसाला स्वतःचं कौतुक कमी नव्हतं.

सवलत ही त्यांच्या लेखी फक्त स्वस्ताई नव्हती, ती अक्कल होती. "पूर्ण भाडं भरून जातो तो प्रवासी न्हाय. ते पार्सल. उचलला, ठेवला, पोचला. त्यात त्याचं डोस्कं कुटं लागलं?" असं ते म्हणायचे. एकदा काही पोरांना सिंहगडाला जायचं होतं आणि रेल्वेच्या गटसवलतीला माणसं कमी पडत होती. गुलाबभाईंनी पुण्याला निघालेलं एक भजनी मंडळ गाठलं आणि दोघांचा मिळून एकच 'गिर्यारोहण संघ' करून टाकला. जाताना सगळे खूष. परतीचं तिकीट एकत्र आहे हे बुवांना पुण्यात कळलं. पोरं उतरून येईपर्यंत फलाटावर बसून काय करायचं, म्हणून बुवा, टाळकरी आणि मृदंग असे सगळे गडावर गेले. परत आल्यावर बुवा आठवडाभर लंगडत होते आणि पुढच्या मोहिमेची तारीख विचारत होते.

हे सगळं करणारा माणूस स्वतः कुठं गेला होता? कुठंच नाही. मला हे कळलं तेव्हा हातात कोलीत मिळाल्यासारखं झालं. मी चारचौघांत विचारलं की गुलाबभाई, तुम्ही आयुष्यात कोणता डोंगर चढलात? ते शांतपणे म्हणाले की तुळजापूरचा घाट, ट्रकमधून. सगळे हसले. मग त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथं त्यांचा संसार होता: एक खाट, एक स्टोव्ह, आणि वर्षानुवर्षं जिंकलेली उत्तेजनार्थ बक्षिसं. कंगवे, साबणाच्या डब्या, बाळाचा खुळखुळा, लग्न न झालेल्या माणसाला मिळालेला सौभाग्यालंकारांचा डबा. यातलं काहीही त्यांना नको होतं. त्यांना पहिलं बक्षीस हवं होतं, आणि तेही एकाच प्रकारचं: हिमालयाची सहल. तसली स्पर्धा क्वचित निघायची, पण निघाली की गुलाबभाई तिच्यावर तुटून पडायचे.

"बर्फ बगायचाय मला," ते म्हणाले. "हितं बर्फ म्हंजे काय, सरबताच्या गाडीवरचा. पोत्यात गुंडाळलेला, भुसा लावलेला. वकीलबाई, मला भुसा न लावलेला बर्फ बगायचाय. जमिनीवर पडलेला. कुनी न इकलेला."

पैसे साठवून तिसऱ्या वर्गानं जा की, मी म्हटलं. ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली. जन्मभर पोरांना पार्सल होऊ नका म्हणून शिकवलं आणि आता स्वतःच अंगावर चिठ्ठी डकवून घेऊ? हा मूर्खपणा आहे असं मी स्पष्ट सांगितलं. माझं मत अजून तेच आहे.

त्यानंतर 'दीपमणी' नावाच्या बॅटरी-सेलच्या कंपनीनं स्पर्धा काढली. 'मी दीपमणी सेल वापरतो, कारण' एवढंच छापलेलं, पुढं आपण पूर्ण करायचं. पहिलं बक्षीस एका व्यक्तीला हिमालयातलं पदभ्रमण शिबिर: प्रवास, बूट, लोकरी कोट, सगळं कंपनीचं. एका माणसाची एकच प्रवेशिका. गुलाबभाईंनी अर्ध्या सोलापुरात सेल वापरणारी माणसं शोधली, त्यांची वेष्टनं गोळा केली आणि त्यांच्या त्यांच्या नावानं प्रवेशिका भरल्या. खोटं नाव एकही घातलं नाही. "खोट्या नावाचं पार्सल सोडवायला कोन येनार?" हा त्यांचा सवाल होता. प्रत्येकाला विचारून, सही नाहीतर अंगठा घेऊनच पाकीट बंद व्हायचं. बक्षीस लागलंच तर आपल्या ऐवजी गुलाबभाई जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मोठ्यानं कोणी म्हणालं मात्र नव्हतं.

वाक्यं सगळी गुलाबभाईंचीच, आणि ती भयंकर होती. 'अंधाराला मारा धक्का, दीपमणी सेल पक्का.' असली यमकं जुळवून जुळवून ते थकले तेव्हा समोर नरसम्मा होती. नरसम्मा साखर पेठेतली, घरात तेलुगू बोलणारी, विड्या वळणारी. नवरा यंत्रमागावर होता, तो वारलेला, मुली लग्न होऊन गेलेल्या. उंचीनं चार फूट आणि थोडी, आवाज मात्र पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. गुलाबभाईंनी तिलाच विचारलं की तू सेल का वापरतीस. ती म्हणाली, "आमच्या बोळात चंद्र बी येत न्हाय, म्हून." गुलाबभाईंना यात यमक नाही म्हणून ते पसंत नव्हतं. ते दुरुस्त करायला बसले, तर तिनं पेन धरलेला हात दाबून ठेवला. जसं बोलले तसं लिही, नाहीतर माझं वेष्टन परत दे.

बक्षीस त्या वाक्याला लागलं.

कंपनीचं पत्र घेऊन गुलाबभाई साखर पेठेत गेले तेव्हा त्यांनी नवा शर्ट घातला होता. त्यांनी पत्र वाचून दाखवलं, बायकांनी टाळ्या वाजवल्या. गुलाबभाई आता शिबिराची तयारी, बुटाचं माप वगैरे बोलायला लागले, तसं नरसम्मानं हातातली सुपली बाजूला ठेवली आणि विचारलं की नाव कुणाचं आहे त्यावर. तुझं, ते म्हणाले.

"मग मी जाते की."

मी तिथं होते. आधी सगळ्यांना ती थट्टा वाटली. मग पेठ तिच्यावर तुटून पडली. बाईमाणूस, एकटी, हिमालयात, लोक काय म्हणतील, आणि त्या बिचाऱ्या गुलाबभाईचं काय. ती एवढंच म्हणाली की मला कोणी काही कधी विचारलं नव्हतं. याच माणसानं विचारलं, मी सांगितलं, आणि ते कुठल्यातरी साहेबाला आवडलं. आता मी का जाऊ नको? गुलाबभाईंनी पत्राची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि निघून गेले. नंतर काही दिवस दरबार भरला नाही. मी त्यांना गाठून सांगितलं की तिचं बरोबर आहे. ते म्हणाले, "तुला इचारलं का मी?" पहिल्यांदाच मला वकीलबाई म्हणाले नाहीत.

मग मुंबईहून कंपनीचे साहेब आले. विजेती बाई आहे, तीही विड्या वळणारी आणि चाळिशी ओलांडलेली, हे कळल्यावर कंपनीनं त्यांना धाडलं होतं. बैठक गुलाबभाईंच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातच झाली. साहेब टाय लावून गठ्ठ्यावर बसले. त्यांनी फार गोड भाषेत सुचवलं की अशा खडतर प्रवासापेक्षा बाईंना शिलाई मशीन उपयोगी पडेल. कंपनी आनंदानं देईल. शिबिराची जागा मग त्यांच्या वतीनं एखाद्या पुरुष माणसाला देता येईल. असं म्हणून त्यांनी गुलाबभाईंकडं पाहिलं, कारण प्रवेशिकेवरचं अक्षर कोणाचं हे त्यांना कळायला वेळ लागला नव्हता.

"हिमालयात चढावं लागतं, बाई," ते नरसम्माला म्हणाले.

"दिसभर बसूनच असते मी, साहेब," नरसम्मा म्हणाली. "बसून बसून कंबर गेली. मला चालायचंय." पुढं ती तेलुगूत जे पुटपुटली ते मला समजलं, पण छापण्यासारखं नाही.

माझ्या डोक्यात पत्रक तयार होत होतं; पहिलीच ओळ अशी होती की साहेबांचा टाय सैल झाला असता. पण गुलाबभाईंनी हातानं मला थांबवलं. त्यांनी चहा मागवला. साहेबांना पुन्हा सगळं सांगायला लावलं. शिबिर कोणत्या महिन्यात, तंबूत किती माणसं, कोट कंपनीचा की भाड्याचा, बर्फ नक्की असतो का. साहेब खुलून उत्तरं देत होते. नरसम्मा पदरानं हात पुसत बसली होती, आणि तिचा चेहरा हळूहळू शिलाई मशीन मिळालेल्या बाईचा होत चालला होता. मला गुलाबभाईंचा इतका संताप आला की मी उठलेच. माणसाला आयुष्यभर हवं असलेलं समोर ठेवलं होतं, आणि ते घ्यायला त्याला एक शब्दही बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं.

"बूट कंच्या मापापतुर लहान मिळत्यात?" गुलाबभाईंनी विचारलं.

साहेब म्हणाले, तुमच्या मापाचे मिळतील की.

"माझं न्हाय. हिचं." त्यांनी नरसम्माच्या पायाकडं बोट केलं. "लहान पोराचे आनलेत तरी चालतील. आन हे बगा साहेब, आमच्याकडं माल बदलून देत न्हाईत. बिल्टीवर नाव हिचं हाय. डिलिव्हरी हिलाच."

साहेबांनी नियम, जबाबदारी, मुख्य कचेरी असं बरंच काही काढलं. तेव्हा कुठं गुलाबभाईंनी मला बोलायची परवानगी दिली, आणि मी माझ्या पत्रकाचा मसुदा तोंडी ऐकवला. मिळणार काय ते आधी, हा त्यांचाच सल्ला मी पाळला आणि शिवी शेवटी ठेवली. शिवीपर्यंत पोचायची वेळ आली नाही.

त्यानंतरचे आठवडे सोलापुरानं जे पाहिलं ते पुन्हा दिसायचं नाही. आपल्या गावात डोंगर नाही, म्हणून गुलाबभाई नरसम्माला गोदामातल्या चादरींच्या थप्पीवर चढवायचे. खालून ओरडायचे, "हल्लू हल्लू, पाय आदी, मग वजन." सिद्धेश्वर तलावाला ती पाठीवर मिठाचं पोतं बांधून फेऱ्या मारायची, आणि मागून हे छत्री घेऊन, धापा टाकत, सूचना देत. लोक हसायचे. ती लोकांना उत्तरं द्यायची, ते लोकांना सल्ले द्यायचे. गाडी सुटताना तिच्या पिशवीत कडक भाकरी होती, आणि खिडकीपाशी गुलाबभाई शेवटपर्यंत बोलत होते: पाणी उकळून पी, तंबूत दारापाशी झोपू नको, फुकट मिळालं तर दोनदा घे. गाडी गेल्यावर ते फलाटावरच्या सरबताच्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले. सरबत मात्र घेतलं नाही.

नरसम्मा परत आली ती काळवंडलेली, नाकाची साल निघालेली आणि सांगण्यासाठी फुटायला आलेली. स्टेशनवरच तिनं तोंड उघडलं, तर गुलाबभाईंनी हात वर केला. "बर्फाचं सोडून काय बी सांग. त्ये मी सोता बगनार हाय." आणि त्यांनी ते खरंच पाळायला लावलं. त्यांच्यासमोर कोणी तो शब्द काढायचा नाही. ती बूट सांगायची, शिबिरातल्या पंजाबी बायका सांगायची, डाळ कशी शिजत नाही ते सांगायची, आणि बर्फाशी आली की ओठ दाबायची. मग ते सगळं माझ्याकडं येऊन ओकायची. रोज सूर्य उगवायच्या आत कसं निघावं लागायचं, ते मला तिनं इतक्यांदा हातवारे करून सांगितलंय की मी स्वतः जाऊन आल्यासारखी सांगू शकेन. इकडं गुलाबभाई नव्या कात्रणांवर वाक्यं जुळवत होते. यमकं सोडायला तयार नव्हते. मी म्हटलं, तिच्यासारखं साधं लिहा. ते म्हणाले, साधं लिव्हायला डोस्कं कुटं लागतंय?

गेल्या उन्हाळ्यात छातीच्या दुखण्यानं ते गेले. त्याच्या थोडं आधी, सरकारी दवाखान्यात, दुपारच्या भेटीच्या वेळी मी आणि नरसम्मा गेलो होतो. गुलाबभाई उशीला टेकून बसले होते आणि आजारी माणसाला रेल्वेत कोणती सवलत मिळते ते शेजारच्या खाटेवरच्याला दमत दमत समजावत होते. आम्हाला बघून थांबले. नरसम्मा खाली बसून मोसंबी सोलायला लागली. वरचा पंखा खडखडत होता. बराच वेळ ते तिच्या हातांकडं बघत राहिले.

"नरसम्मा," ते म्हणाले, "सांग आता."

काय सांगू, हे तिनं विचारलं नाही. इतके महिने जे सांगण्यासाठी ती तडफडत होती ते आता तिला सुरू करता येईना. मोसंबीची सगळी साल काढून झाली तेव्हा ती हळू आवाजात बोलायला लागली. तिला हळू बोलता येतं हेच मला नवीन होतं. "पांढरं म्हंजे चुन्यावानी न्हाय, भाई. आत निळं हाय. पाय टाकला की आत जातोय. पाय काढला की आपला पाय तितंच ऱ्हायलेला दिसतोय. मागं बगितलं, तर येतानाचे सगळे पाय माझे. एवढुशे." मग थांबून म्हणाली, "मी पडले बी. लई घसरतंय. सगळे हसले."

गुलाबभाईंचे डोळे मिटलेले होते. झोपले असं वाटलं.

"तू ऊन वर आल्यावर गेली असशील, म्हून घसरलीस," ते डोळे न उघडता म्हणाले. "बर्फावर सूर्य उगवायच्या आत निघायचं असतंय. तवा घट्ट असतोय."

मी नरसम्माकडं पाहिलं. साखर पेठेत आजवर कोणाचं ऐकून न घेतलेल्या त्या बाईनं मोसंबीची फोड निवडली, बी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"व्हय भाई," ती म्हणाली. "चुकलंच माझं. फुडच्या येळंला लवकर निघते."